पोपची वही आणि आपलं जगणं : तेविसाव्या जॉन यांच्या आत्मिक दैनंदिनीचं वाचन

(व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा प्रश्न साधा आहे. एका पोपच्या आध्यात्मिक लिखाणातून प्रपंचात असलेल्या ख्रिस्ती माणसाला रोजच्या जगण्यासाठी काही मार्गदर्शन मिळतं का? यावर दोन उत्तरं लगेच येतात. एक जण म्हणतो, 'मिळणारच, पोप आहेत ते.' दुसरा म्हणतो, 'रोममध्ये राहणाऱ्या ब्रह्मचारी माणसाला माझ्या घरातलं काय कळणार?' ही दोन्ही उत्तरं पुस्तक न उघडताच देता येतात. म्हणून आज आपण एक पुस्तक उघडून बघू या.

ते पुस्तक म्हणजे पोप तेविसावे जॉन यांची दैनंदिनी. इंग्रजीत ती 'जर्नल ऑफ अ सोल' या नावाने प्रसिद्ध आहे. आपण तिला 'आत्म्याची दैनंदिनी' म्हणू. मूळ इटालियन पुस्तक १९६४ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षी आलं. त्यांचे सचिव लोरिस कापोविला यांनी ते संपादित केलं. १९६५ मध्ये इंग्रजी भाषांतर आलं.

या माणसाचं मूळ नाव आंजेलो रोन्काल्ली. जन्म २५ नोव्हेंबर १८८१, उत्तर इटलीत बेर्गामोजवळच्या सोत्तो इल मोन्ते या खेड्यात. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारं घर, तेरा भावंडं. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८९५ मध्ये, बेर्गामोच्या सेमिनरीत असताना आंजेलो वहीत लिहू लागला. १९०४ मध्ये धर्मगुरू झाला, १९२५ मध्ये बिशप होऊन बल्गेरियात गेला, मग इस्तंबूल, मग पॅरिस, मग व्हेनिस. १२ जानेवारी १९५३ रोजी तो कार्डिनल झाला. आपल्या मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस त्याच दिवशी, त्याच सभेत कार्डिनल झाले, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. २८ ऑक्टोबर १९५८ रोजी रोन्काल्ली पोप म्हणून निवडले गेले. ३ जून १९६३ रोजी ते वारले. वही शेवटपर्यंत चालू होती.

आता एक हिशेब करा. वही साधारण सदुसष्ट वर्षांची. त्यातली पोपपदाची वर्षं साडेचारच. म्हणजे आपण ज्याला 'पोपचं आध्यात्मिक लिखाण' म्हणतो, त्यातला फार मोठा भाग पोपने लिहिलेलाच नाही. तो एका सेमिनरीतल्या मुलाने, एका बिशपच्या सचिवाने, दूरच्या देशात पाठवलेल्या आणि जवळजवळ विसरल्या गेलेल्या एका अधिकाऱ्याने लिहिलेला आहे. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पोपचं परिपत्रक वरून खाली येतं आणि ते लोकांना उद्देशून असतं. या वहीत मात्र लिहिणारा आणि ऐकणारा एकच आहे. इथला प्रत्येक नियम त्याने स्वतःला घातलेला आहे. म्हणून 'पोपने सांगितलंय' असं म्हणून या वहीतलं वाक्य दुसऱ्याच्या अंगावर टाकता येत नाही. हे आधीच पक्कं करून ठेवू, पुढे याची गरज पडणार आहे.

पुस्तकाची स्तुती करण्याआधी त्याच्या अडचणी सांगतो. पहिली अडचण, सुरुवातीची शंभरेक पानं कंटाळवाणी आहेत. नियमांच्या याद्या आहेत. रोज काय करायचं, आठवड्याला काय, महिन्याला काय, वर्षाला काय. ध्यान किती वेळ, जपमाळ कधी, पापनिवेदन किती दिवसांनी. मग संकल्प मोडल्याची कबुली, मग पुन्हा तोच संकल्प. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. या याद्यांत स्त्रियांबद्दल एक भीती आहे. नातेवाईक असो, धार्मिक असो, कोणत्याही स्त्रीशी सलगी नको, गप्पा नकोत, असे नियम हा मुलगा स्वतःला घालतो. मित्रांना हात लावायचा नाही, एकेरी हाक मारायची नाही. त्या काळच्या सेमिनऱ्यांचं ते वळण होतं, हे खरं. पण आज एखाद्या आईने किंवा वडिलांनी हे 'ख्रिस्ती जगण्याचं मार्गदर्शन' म्हणून मुलाच्या हातात दिलं, तर नुकसान होईल. हे मी स्पष्ट सांगतो. संताचं पुस्तक आहे म्हणून त्यातलं सगळं आपल्यासाठी आहे, असं नसतं.

मग हे पुस्तक का वाचायचं? मला सर्वांत आधी थांबवलं ते १८९८ सालच्या एका नोंदीने. आंजेलो तेव्हा सोळा वर्षांचा. सुट्टीत घरी आलेला. आईने कशाची तरी चौकशी केली, त्याने तिला तोडून उत्तर दिलं. आई दुखावली आणि म्हणाली, तू माझ्याशी कधी गोड बोलतच नाहीस, नेहमी असाच तुसडेपणाने वागतोस. मुलगा हे सगळं वहीत लिहून ठेवतो. आपण हे सौम्यपणे सांगू शकलो असतो हे तो मान्य करतो, पण त्याचबरोबर आईचं बोलणं आपल्याला किती लागलं, हेही लिहितो.

बघा, हा मुलगा तासभर चॅपेलमध्ये गुडघ्यांवर असतो. त्याची नियमांची यादी लांबलचक आहे. आणि त्या यादीत 'आईशी नीट बोलायचं' हे कुठे बसतच नाही! सगळे नियम देवघरातले आणि चूक झाली ती स्वयंपाकघरात. आपल्यापैकी कितीजणांच्या घरात हे चाललेलं असतं, सांगा. सकाळची मिस्सा चुकत नाही, उपवास चुकत नाही, आणि घरच्या माणसाशी धड दोन शब्द बोलता येत नाहीत. रोन्काल्लींचं मोठेपण इतकंच की त्यांनी ही नोंद खोडली नाही. पुढे या वह्या प्रकाशित करायला परवानगी दिली तेव्हाही ती राहू दिली. भक्ती वाढली आणि स्वभाव तसाच राहिला, तर कुठेतरी हिशेब चुकलाय, ही पहिली शिकवण मला इथे मिळते. आणि ती शिकवण उपदेशातून येत नाही, एका भांडणाच्या नोंदीतून येते.

आता येऊ या १९०३ सालावर. माझ्या मते सगळ्या पुस्तकाची किल्ली इथे आहे.

त्याच्या आदल्या वर्षात आंजेलोने सक्तीची लष्करी सेवा केली होती. बायबलमधल्या बाबिलोनच्या बंदिवासाचं नाव तो त्या वर्षाला देतो. परत रोमच्या सेमिनरीत आल्यावर त्याला फ्रांचेस्को पितोक्की नावाचे आध्यात्मिक मार्गदर्शक मिळतात. या काळात त्याच्या लक्षात एक गोष्ट येते. तो संत अलॉयशियस गोन्झागासारखा होऊ बघत होता. हे अलॉयशियस सोळाव्या शतकातले तरुण येशूसंघीय. रोममध्ये साथीच्या रुग्णांची सेवा करताना १५९१ मध्ये, तेवीस वर्षांचे असताना गेले. शुद्धतेचा आदर्श म्हणून सेमिनरीतल्या प्रत्येक मुलासमोर त्यांचंच चित्र असायचं. आंजेलो प्रत्येक कृतीच्या वेळी बघायचा, अलॉयशियसने इथे काय केलं असतं? आणि प्रत्येक वेळी आपण कमी पडलो म्हणून खचायचा.

जानेवारी १९०३ मध्ये तो लिहितो की ही पद्धतच चुकीची आहे. संताच्या सद्गुणांचा गाभा घ्यायचा, बाहेरचा आकार नाही. आपण काही अलॉयशियस नाही आणि त्यांच्या वाटेने आपल्याला जायचंही नाही. आपला स्वभाव वेगळा, परिस्थिती वेगळी, जीवनरस घेऊन तो आपल्या रक्तात मिसळू द्यायचा. खरा संत कोणत्याही नमुन्याची सुकलेली नक्कल नसतो, अशा अर्थाचं तो म्हणतो. वय एकवीस!

या नोंदीमुळे पुस्तक वाचण्याची रीतच बदलते. कारण जे अलॉयशियसला लागू तेच रोन्काल्लींनाही लागू होणार ना? त्यांचं पुस्तक उघडून आपण 'तेविसावे जॉन इथे काय करतील' असं विचारत बसलो, तर त्यांनीच टाकून दिलेली चूक आपण करतो. हा लेखक आपल्या वाचकाला स्वतःची नक्कल करण्यापासून सोडवतो. त्यांना संतपद देणारे पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये पवित्रतेच्या हाकेवर जे लिहिलं, त्यातही हेच सूत्र आहे : न पेलणारे नमुने बघून खचू नका, देवाने तुमच्यात जे ठेवलंय ते बाहेर काढा. म्हणजे १९०३ मध्ये एका मुलाने वहीत लिहिलेली गोष्ट शंभरहून जास्त वर्षांनी सगळ्या चर्चला सांगितली गेली.

तिसरी जागा बल्गेरियाची. १९२५ ते १९३४ अशी जवळजवळ दहा वर्षं ते तिथे होते. ऑर्थोडॉक्स देश, कॅथलिक मूठभर, काम अस्पष्ट, रोमकडून उत्तरं उशिरा किंवा येतच नाहीत. बिशप होताना त्यांनी ब्रीद घेतलं होतं, 'आज्ञापालन आणि शांती'. आणि १९२६ च्या नोंदीत काय आहे? आपल्याला जे त्रास होताहेत ते बल्गेरियन लोकांकडून नाहीत, ते चर्चच्या केंद्रातल्या कचेऱ्यांकडून आहेत, आणि याची आपल्याला अपेक्षा नव्हती! हे वाचून मला बरं वाटलं. भाविक पुस्तकांत सहसा त्रास बाहेरचे देतात, आपले नाही. इथे तसं नाही. आपल्याच माणसांनी दिलेला त्रास आहे. ते तो लपवत नाहीत, आणि त्याचा कडवटपणाही होऊ देत नाहीत. तो त्रास प्रार्थनेत नेतात आणि काम चालू ठेवतात.

पण इथेच माझा सर्वांत मोठा आक्षेपही आहे, तो तुमच्यापुढे ठेवतो. सहन करा, गप्प राहा, वरिष्ठांचं ऐका, देव बघून घेईल. एका बिशपने स्वतःसाठी हे म्हणणं वेगळं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला हे सांगणं वेगळं. ज्याच्यावर चर्चमधल्याच कुणी अधिकाराचा गैरवापर केलाय, त्याला हे सांगणं तर घातकच. आणि असं सांगितलं गेलेलं आहे, हे आपण सगळे जाणतो. संतांच्या चरित्रांतली सहनशीलता दुर्बळांना गप्प बसवायला वापरली गेली आहे. मग ही दैनंदिनी त्या हत्यारांत आणखी एका हत्याराची भर घालते का?

तशी वाचली तर घालते. म्हणून तिच्या शेजारी त्याच माणसाचं दुसरं लिखाण ठेवावं लागतं. ११ एप्रिल १९६३ रोजी, मृत्यूच्या आठ आठवडे आधी, त्यांनी 'पाचेम इन तेर्रिस' म्हणजे 'पृथ्वीवर शांती' हे परिपत्रक काढलं. केवळ कॅथलिकांना नाही, सद्भावना असलेल्या सगळ्या माणसांना उद्देशून. त्यात सुरुवातच माणसाच्या हक्कांपासून होते : जगण्याचा हक्क, सन्मानाचा हक्क, सदसद्विवेकाप्रमाणे देवाची भक्ती करण्याचा हक्क. स्त्रियांना आपल्या प्रतिष्ठेची जाणीव झाली आहे आणि घरात आणि सार्वजनिक जीवनात त्या हक्क मागत आहेत, हे काळाचं एक लक्षण आहे, असं तिथे म्हटलंय. आणि सत्तेची आज्ञा नैतिक व्यवस्थेच्या विरुद्ध असेल तर ती माणसाच्या विवेकाला बांधू शकत नाही, हेही स्पष्ट म्हटलंय.

आता ही दोन लिखाणं जवळ ठेवा. वहीतला मुलगा स्त्रियांकडे बघायला घाबरतो, परिपत्रकातला म्हातारा त्यांचे हक्क मान्य करतो. वहीतला बिशप आपल्यावरचा अन्याय गिळतो, परिपत्रकातला पोप अन्यायी आज्ञेची ताकदच काढून घेतो. काहीजण म्हणतील, ही विसंगती आहे. मला तसं वाटत नाही. स्वतःसाठी कमी मागायचं आणि दुसऱ्यासाठी जास्त मागायचं, ही एकच रीत आहे. वहीत 'मी' आहे, परिपत्रकात 'प्रत्येक माणूस' आहे. गडबड तेव्हा होते, जेव्हा आपण याची अदलाबदल करतो : हक्क स्वतःसाठी वापरतो आणि सहनशीलता दुसऱ्याला शिकवतो. मघाशी मी म्हटलं होतं की वहीतलं वाक्य दुसऱ्याच्या अंगावर टाकता येत नाही. त्याची गरज पडते ती इथे.

उणिवाही बघू या. या वहीत बाहेरचं जग फार कमी येतं. युद्धकाळात इस्तंबूलमध्ये असताना रोन्काल्लींनी ज्यू निर्वासितांना वाचवण्यासाठी मदत केली. त्याबद्दल इथे फारसं काही सापडत नाही. नम्रता म्हणून हे शोभतं. पण वाचकाच्या दृष्टीने मात्र ही उणीव आहे, कारण प्रार्थना आणि कृती यांचा सांधा कसा जुळला, हे बघायलाच मिळत नाही. ते दुसरीकडून जोडून घ्यावं लागतं. १९५९ च्या शुभ शुक्रवारच्या उपासनेत ज्यूंसाठीच्या प्रार्थनेतला 'विश्वासघातकी' या अर्थाने घेतला जाणारा शब्द त्यांनी काढायला लावला, तेव्हा इस्तंबूलची ती वर्षं त्यांच्या मनात होती, असा अंदाज आपण करू शकतो. वही मात्र मदत करत नाही.

दुसरी उणीव. सप्टेंबर १९६२ च्या नोंदीत ते लिहितात की परिषद बोलावण्याची कल्पना जानेवारी १९५९ मध्ये बोलता बोलता अचानक सुचली आणि त्याचं पहिलं आश्चर्य आपल्यालाच वाटलं. पण निवडीनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच त्यांनी परिषदेचा विषय काढला होता, असं कापोविला यांनीच सांगितलेलं आहे. म्हणजे ही वही इतिहासाचा पुरावा म्हणून जपून वापरावी लागते. एक म्हातारा माणूस देवाचे उपकार मोजतोय, त्या मोजणीत तारखा थोड्या सरकतात. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना जे ठळक दिसलं ते लिहितात. आपणही आपल्या आयुष्याची साक्ष अशीच देतो.

आता शेवटचा टप्पा. ऑगस्ट १९६१, कास्तेल गांदोल्फो. ऐंशीच्या उंबरठ्यावरचे पोप एकांतसाधनेला बसले आहेत. चौदाव्या वर्षी सुरू केलेलं आत्मपरीक्षण अजून चालू आहे. पण यादीकडे बघा. लहानपणी पानंच्या पानं भरायची. इथे सहा सूत्रं उरली आहेत. देवाला आवडेल असं पवित्र होण्याची इच्छा धरणं, सगळं चर्चच्या सेवेकडे वळवणं, जे घडतं त्यात शांत राहणं, देवाच्या योजनेवर भरवसा ठेवणं, आपलं लहानपण न विसरणं. आणि सहावं काय असेल? आपला दिवस नीट, समजून-उमजून आखणं! कोट्यवधी लोकांचा धर्मप्रमुख, ऐंशी वर्षांचा, आणि तो अजून दिवस नीट आखायचं शिकतोय. मला यात फार मोठा दिलासा वाटतो. आपल्याला वाटतं, अध्यात्म म्हणजे कधीतरी पोचण्याची जागा. इथे दिसतं की सहासष्ट वर्षांनीसुद्धा धडा तोच आहे, फक्त यादी आखूड झाली आहे.

त्या यादीचं आखूड होणं हेच मला या पुस्तकातलं खरं मार्गदर्शन वाटतं. ते कोणत्याही एका वाक्यात सापडत नाही. आपल्याकडे आता पोपमहोदयांच्या फोटोखाली एखादी ओळ टाकून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची पद्धत आहे. या पुस्तकाचा तसा उपयोग करायला गेलात, तर हातात काही लागणार नाही, किंवा चुकीचं लागेल. १८९७ ची ओळ वेगळी, १९६१ ची वेगळी. मधली वर्षं वगळली तर पहिली ओळ जाचक वाटते आणि शेवटची ओळ अगदीच साधी.

आणि या साधेपणाचं फळ आपल्यापर्यंत आलेलं आहे. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांनी दुसरी व्हॅटिकन परिषद उघडली, तेव्हा पोटाच्या कर्करोगाचं निदान झालेलं होतं. ती परिषद पूर्ण झालेली त्यांनी पाहिली नाही. पण तिच्यामुळेच वसईच्या आजीला लॅटिनऐवजी आपल्या मराठीत मिस्सा ऐकायला मिळाली. त्या आजीने रोन्काल्लींची वही कधी वाचली नसेल. तिला वाचायची गरजही नव्हती.

मग वाचायची कशी, एवढं सांगून थांबतो. पहिल्या पानापासून सलग वाचू नका, कंटाळाल. आधी १९०३ ची जानेवारीची नोंद वाचा. मग १९६१ ची ऑगस्टमधली. मग मागे येऊन १८९८ मधलं आईचं भांडण वाचा. मग बल्गेरिया. शेजारी 'पाचेम इन तेर्रिस' ठेवा. आणि जमल्यास स्वतःची एक वही करा, चांगलं दिसण्यासाठी नको, वर्षातून एकदा परत वाचण्यासाठी. यंदाच्या यादीत घरातल्या माणसांची नावं आहेत का, एवढं त्यात तपासा. नसतील, तर तिथून सुरुवात करता येईल.